वंशावळ आणि ऋण

आपला मूळपुरुष कोण, तो कोठून आला, येताना त्याने काय बरोबर आणले आणि काय मागे टाकले, हे जाणण्याची इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे. नाशकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या गृहस्थाला तीर्थोपाध्यायाच्या वहीत आपल्या पणजोबाची मोडी सही दिसली म्हणजे त्याला जो आनंद होतो, त्याचे कारण त्याला स्वतःलाही नीट सांगता यावयाचे नाही. पणजोबाने त्याच्यासाठी काही ठेवले असेल वा नसेल. त्याचा चेहराही कोणी पाहिलेला नसतो. तथापि त्या दोन ओळींनी आपल्या पायांखालची भूमी किंचित घट्ट झाली असे त्याला वाटते. ह्या आनंदात काही गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. पूर्वजाचे नाव आपण आपले म्हणून सांगतो, त्याच्या कर्तृत्वाचा वाटा हक्काने घेतो. मग त्याच्या हातून जे अनुचित घडले, त्याचा वाटेकरी कोण?

हा प्रश्न आपल्याकडील घराण्यांविषयी विचारला असता चर्चा फार लवकर भलत्या वाटेस लागते. वतन, जात, भाऊबंदकी ह्यांपैकी एखादी गोष्ट मध्ये येते आणि मूळ प्रश्न बाजूला राहून माणसे एकमेकांचे उणे काढू लागतात. म्हणून आम्ही मुद्दाम दूरचे एक उदाहरण घेतो. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या आणि पुढे विवाहाने एक झालेल्या वायझर व म्यूलेनबर्ग ह्या दोन कुळांचे हे उदाहरण आहे. आपले पूर्वज जर्मन होते असे सांगणारे लोक अमेरिकेत आज चार कोटींहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेकांच्या पूर्वजांनी मागे कागद असा फारसा ठेवलाच नाही. ह्या दोन कुळांनी मात्र पुष्कळ ठेवला, आणि त्या कागदांत लख्ख व काळवंडलेल्या दोन्ही बाजू आहेत.

प्रथम साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जर्मन कुळाचा माग काढणारास मुख्य आधार गावच्या चर्चमधील नोंदवहीचा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्या तीन प्रसंगी पाद्री स्वहस्ते नोंद करीत असे. १६१८ ते १६४८ ह्या तीस वर्षांच्या युद्धात गावे जळाली तशा ह्या वह्याही जळाल्या, आणि त्यामुळे कित्येक कुळांचा माग त्या युद्धाच्या अलीकडे येऊन एकाएकी तुटतो. समुद्रापलीकडचा आधार म्हणजे फिलाडेल्फिया बंदरातील याद्या. १७२७ पासून तेथे उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी पुरुषास इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. स्ट्रासबर्गर व हिंके ह्या दोघा संशोधकांनी ह्या याद्या १९३४ साली तीन खंडांत छापून काढल्या. ज्याला लिहिता येत नसे तो खूण करी, आणि त्याचे नाव इंग्रज कारकून कानावर पडेल तसे लिही. पुढे कोणी आपण होऊन, तर कोणी शेजाऱ्यांच्या सोयीसाठी, नावे बदलली. त्सिमरमानचा कार्पेंटर झाला, श्वार्त्सचा ब्लॅक झाला, येगरचा कोठे यीगर तर कोठे हंटर झाला. दोन पिढ्यांनंतर सख्ख्या भावांचे वंशज एकमेकांस नावावरून ओळखीनात.

पण ह्या याद्यांचे खरे वैगुण्य निराळेच आहे. शपथ पुरुषांनी घ्यावयाची असल्यामुळे बायकांची व मुलांची नावे त्यांत बहुधा नाहीत. जी बाई नवऱ्याबरोबर तेच खारट मांस खात, तोच ताप सोशीत आली, ती यादीपुरती आलीच नाही. गोटलीब मिटेलबेर्गर नावाच्या एका जर्मन शिक्षकाने हा प्रवास १७५० साली केला, आणि स्वदेशी परत गेल्यावर त्याचे वर्णन १७५६ साली छापले. ज्यांच्याजवळ भाड्याचे पैसे नसत त्यांना जहाजावरच विकत असत, म्हणजे त्यांचे भाडे भरणारा धनी त्यांना काही वर्षे राबवून घेई. आईबापांना आपली मुले एखाद्या ढोरासारखी अशी देऊन टाकावी लागत, आणि मग कित्येकदा त्यांची पुन्हा भेट होत नसे, असे तो सांगतो. सारांश, ज्या वंशवृक्षाची चौकट आज वंशज भिंतीवर लावतात, त्याची मुळे पुष्कळदा कर्जाच्या मातीतच रुजलेली असतात.

कॉन्राड वायझर ह्या पुरुषाचे कुळ ह्या जहाजांच्या आधीचे. त्याने उतारवयात जर्मन भाषेत आपली हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तिचा आरंभ तो वंशावळीनेच करतो. आपला जन्म २ नोव्हेंबर १६९६ रोजी व्यूर्टेंबर्ग देशातील आफ्श्टेट गावी झाला. बापाचे नाव योहान कॉन्राड, आजा याकोब, पणजाही याकोब. पणजा ग्रोसास्पाख गावचा मुखत्यार. आईकडचे व बापाकडचे सर्व वाडवडील तेथे पुरलेले आहेत, हे तो क्रमाने सांगतो. अरण्यात राहणाऱ्या, मूळच्या रहिवाशांची भाषा बोलणाऱ्या ह्या माणसास हा तपशील लिहून ठेवण्याची गरज का भासली असावी? आम्हांस वाटते, ज्या मुलांना ते गाव कधीच दिसणार नव्हते त्यांच्याकरिता. जो घरी राहतो त्याला वंशावळ लागत नाही. देवळामागची थडगी हीच त्याची वंशावळ. ती डोळ्यांआड झाली म्हणजे मग माणूस कागद काढतो.

१७०९ साली कॉन्राडची आई वारली. त्याच हिवाळ्यात ऱ्हाईनकाठी एवढी थंडी पडली की द्राक्षांचे वेल मुळासकट मेले. फ्रेंच सैन्यांनी केलेली लूट त्याआधीची होतीच. इंग्लंडची ॲन राणी अमेरिकेत जमीन देते अशी आवई उठली, आणि सुमारे तेरा हजार माणसे लंडनात येऊन धडकली. थोरला वायझर मुलांना घेऊन त्यांत सामील झाला. १७१० साली सुमारे तीन हजार जणांना न्यूयॉर्ककडे रवाना करण्यात आले. त्यांतील शेकडो वाटेत किंवा पोचल्यावर थोड्याच काळात मेले. ह्या लोकांनी हडसन नदीच्या काठी पाइन वृक्षांपासून डांबर काढून इंग्रजी आरमारास द्यावे आणि त्यातून आपला खर्च फेडावा, अशी योजना होती. ती फसली. मध्यंतरी गव्हर्नर हंटर ह्याने पोरक्या झालेल्या व इतरही मुलांना निरनिराळ्या धन्यांकडे उमेदवारीवर बांधून दिले. कॉन्राडचे दोघे भाऊ असेच लाँग आयलंडवर गेले. ह्याच मुलांपैकी योहान पेटर त्सेंगर हा एका छापखान्यात पडला. वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याचा आद्य खटला म्हणून अमेरिकेत जो १७३५ चा खटला सांगतात, त्यातील आरोपी झेंगर तो हाच.

१७१२ साली सरकारने शिधा बंद केला तेव्हा बापाने सोळा वर्षांच्या कॉन्राडला मोहॉक लोकांत राहावयास धाडले, भाषा शिकून यावे म्हणून. त्या हिवाळ्यात तो तेथे भुकेने व थंडीने अर्धमेला झाला. परंतु तो जी भाषा घेऊन परतला, तिच्यावर पुढे त्याचे सगळे आयुष्य उभे राहिले. दरम्यान ह्या जर्मनांनी स्कोहॅरीच्या खोऱ्यात मूळच्या रहिवाशांशी बोलून वसाहत केली होती. पण जमिनीचे सरकारी कागद आल्बनीच्या बड्या लोकांनी आपल्या नावे करून घेतलेले निघाले. थोरला वायझर दाद मागण्यास लंडनला गेला आणि तेथे कर्जापायी तुरुंगात पडला. जे कसले ते गेले.

येथवरची हकीकत वाचताना कोणाही वाचकाचे मन ह्या कुळाकडेच ओढ घेईल. निराधार माणसे, खोटी आश्वासने, सत्ताधाऱ्यांची लबाडी. असा पूर्वज कोणास नको? पण वही येथे संपत नाही. पुढचे पान उलटावयास पाहिजे, आणि आमच्या प्रश्नाला खरा आरंभ त्या पानापासून होतो.

स्कोहॅरी सोडून निघालेल्या काही कुटुंबांनी १७२३ साली पेन्सिल्व्हेनियातील तुल्पेहॉकन नदीच्या काठी घरे बांधली. कॉन्राड १७२९ साली तेथे आला. ती जमीन लेनापे लोकांची होती, त्यांना इंग्रज डेलावेअर म्हणत. त्यांचा पुढारी सासूनान ह्याने १७२८ साली फिलाडेल्फियास जाऊन, आमची जमीन आम्ही विकली नसता हे लोक तीवर कसे बसले, असे विचारले होते. खरेदीचा व्यवहार १७३२ साली झाला, म्हणजे वस्तीनंतर नऊ वर्षांनी. ज्यांच्या पायांखालची जमीन कागद नाही म्हणून काढून घेतली गेली, तेच आता कागद नसता दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरीत होते. त्यांना हे उमगले नसेल काय? उपाशी माणसास ह्या प्रश्नाने अडवणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो.

कॉन्राड लवकरच प्रांत-सरकारचा दुभाषी व वकील झाला. इरोक्वा राष्ट्रांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तो वृथा नव्हता. त्याने कित्येक तंटे रक्त न सांडता मिटवले. इरोक्वांचा प्रतिनिधी शिकेलामी हा त्याचा खरा मित्र होता. परंतु १७३७ साली पेन घराण्याच्या कारभाऱ्यांनी एका जुन्या कराराचा आधार घेऊन, दीड दिवसात मनुष्य चालेल तेवढी जमीन आपली, असे ठरवले, आणि चालण्याऐवजी निवडक धावणारे सोडून लेनापे लोकांचा मुलूख घशात घातला. लेनापे हटेनात. तेव्हा १७४२ च्या जुलैत फिलाडेल्फियास सभा भरली. तेथे इरोक्वांचा वक्ता कॅनासाटेगो ह्याने लेनापे लोकांना भर सभेत स्त्रिया म्हणून हिणवून, ताबडतोब चालते व्हा अशी आज्ञा केली. ती आज्ञा इंग्रजांच्या कानी घालणारा दुभाषी कॉन्राड वायझर होता. शब्द त्याचे नव्हते, हे खरे. पण इरोक्वांशी मैत्री जोडून लेनापे लोकांस दाबावे ह्या धोरणाचा तो एक शिल्पकार होता, हेही खरेच. १७५४ साली आल्बनीच्या परिषदेत त्याने इरोक्वांकडून सस्क्वेहॅना नदीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख प्रांतासाठी विकत घेतला. तेथे राहणाऱ्यांना विचारण्यात आले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १७५५ रोजी, त्या मुलुखातील पेन्स क्रीक येथील नव्या वस्तीवर लेनापे लोक तुटून पडले. मेलेले व पळवून नेलेले पुष्कळसे जर्मन आणि स्विस होते. खरेदीखतावर त्यांतील कोणाचीही सही नव्हती.

ज्या वर्षी फिलाडेल्फियाची ती सभा झाली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हाइन्‍रिख मेल्खिओर म्यूलेनबर्ग हा एकतीस वर्षांचा लूथरपंथी पाद्री त्याच शहरी पोचला. तो आइनबेकचा. ग्योटिंगेनला शिकून हाल्ले येथील प्रसिद्ध अनाथाश्रमात त्याने काही काळ शिक्षकाचे काम केले होते. तेथे त्याला हिंदुस्थानात धाडण्याचा विचार चालला होता, ही गोष्ट मराठी वाचकांस मौजेची वाटेल. हाल्लेहून तरंगमबाडीस माणसे जातच होती. त्यांच्यापैकी श्वार्त्स हा पुढे तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांचा गुरू झाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर सरफोजींनी त्याचे संगमरवरी स्मारक करविले. म्यूलेनबर्गचे जहाज पूर्वेकडे निघते तर त्याचीही नातवंडे कावेरीच्या काठी खेळती. वंशवृक्षाची फांदी अशा किती लहानशा कारणाने इकडे किंवा तिकडे वळते!

१७४५ साली त्याने कॉन्राड वायझरची मुलगी आना मारिया हिच्याशी विवाह केला. त्यांना अकरा मुले झाली. त्यांतील पेटर हा वॉशिंग्टनच्या सैन्यात सेनापती झाला. फ्रेडरिक हा १७८९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचा पहिला अध्यक्ष झाला. गोटहिल्फ हा वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याचे नाव गवताच्या एका मोठ्या प्रजातीस आजही जोडलेले आहे. तीन पिढ्यांपूर्वी जे कुळ पाव भाजून व शिपाईगिरी करून पोट भरीत होते, त्याची ही भरभराट.

भरभराट झाली म्हणजे दंतकथा येतात. पेटरने व्हर्जिनियातील वुडस्टॉक येथे चर्चमध्ये प्रवचन संपवून अंगावरचा झगा फेकला आणि आत लष्करी पोशाख दिसला, ही गोष्ट अमेरिकेतील मुलांना पाठ असे. वॉशिंग्टन शहरात संसदेच्या इमारतीत १८८९ साली बसवलेला त्याचा पुतळा झगा काढण्याच्याच बेतात आहे. ती गोष्ट प्रथम छापून आली १८४९ साली, पेटरच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी, आणि लिहिणारा होता त्याच्या भावाच्या वंशातला. फ्रेडरिकविषयी अशीच एक गोष्ट जर्मन लोक सांगत, ती मात्र तक्रारीच्या सुरात : जर्मन ही अमेरिकेची राजभाषा व्हावयाची, परंतु त्याच्या एका मताने ती हुकली! वस्तुतः असे मत कधी घेतलेच गेले नाही. व्हर्जिनियातील काही जर्मनांनी कायदे जर्मनमध्येही छापावे असा अर्ज केला होता. १७९५ साली तो विषय निघाला असता सभा तहकूब करण्याची सूचना ४२ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली गेली, एवढेच त्यात तथ्य. फ्रेडरिकला खरोखर एका मताची किंमत द्यावी लागली ती दुसऱ्या प्रसंगी. १७९६ साली जे-कराराच्या बाजूने त्याने निर्णायक मत दिले, आणि थोड्याच दिवसांत त्याच्याच मेहुण्याने त्याच्यावर सुरी चालवली. नात्यागोत्याचे गोडवे गाणारांनी हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत बोलकी दंतकथा कॉन्राडच्या पत्नीची. ती ॲना ईव्ह ही मोहॉक जातीची होती असे कित्येक वंशज पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. प्रत्यक्षात ती फेक नावाच्या, त्याच जहाजांतून आलेल्या जर्मन कुटुंबातील मुलगी. तिच्या जावयाने, म्हणजे म्यूलेनबर्गने, ती जर्मन ख्रिस्ती आईबापांची असल्याचे लिहून ठेवले आहे. मग ही मोहॉक आजी आली कोठून? आमची समजूत अशी की ती वंशजांच्या मनाला हवी होती म्हणून आली. आपल्या नसांत त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे थोडे रक्त आहे असे ठरले, की ती भूमी आपल्याला वारशाने मिळाली असे म्हणता येते. ती कोणाकडून घेतली हा प्रश्नच उरत नाही. दंतकथा नेहमी खोट्या अभिमानापोटीच जन्मतात असे नाही. पुष्कळदा त्यांच्या मुळाशी अस्वस्थ झालेली सदसद्विवेकबुद्धी असते, आणि ऋण फेडण्यापेक्षा सावकाराशी सोयरीक जोडणे तिला सोपे वाटते.

ह्याच्या अगदी उलट प्रकारही घडला. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच जर्मन पूर्वज ही लपवण्याची वस्तू झाली. ५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉय संस्थानातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन खाणकामगारास जमावाने झाडावर फाशी दिले. त्या दिवसांत पुष्कळ श्मिट हे स्मिथ झाले, ते वर सांगितल्याप्रमाणे सोयीसाठी नव्हे. आणि खुद्द जर्मनीत काय झाले? १९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने नोकरवर्गाचा कायदा करून आजे-आज्यांचे दाखले मागावयास प्रारंभ केला. १९३५ साली न्यूरेम्बर्गचे कायदे आले. त्यानंतर पुष्कळ जर्मनांस आपला पूर्वजपट भरून, पाद्र्याचे शिक्के घेऊन, जवळ बाळगावा लागे. एस्‌एस्‌ दलात शिरणाऱ्यास १८०० पर्यंतची वंशावळ दाखवावी लागे आणि अधिकाऱ्यास १७५० पर्यंतची. हे दाखले निघाले कोठून? ज्या वह्यांत आना मारियाच्या बापाचा बाप्तिस्मा नोंदलेला होता, तशाच वह्यांतून. अमेरिकेतील वंशज आपली आजी शोधण्यासाठी जे पान उलटीत होता, तेच पान इकडे शेजाऱ्याची ज्यू आजी हुडकण्यासाठी उलटले जात होते. पानात फरक नव्हता.

म्हणून वंशावळीचा नाद हा निरुपद्रवी करमणुकीचा विषय आहे असे आम्हांस म्हणवत नाही. रक्तातून गुण उतरतो असे एकदा मानले की रक्तातून दोषही उतरतो असे मानावे लागते, आणि ह्या दुसऱ्या समजुतीने किती माणसे मारली गेली ते जगाने पाहिले आहे. तेव्हा कॉन्राड वायझरच्या आजच्या वंशजाला १७४२ च्या सभेबद्दल अपराधी ठरवावे काय? मुळीच नाही. अपराध हा करणाराबरोबर मरतो. शिवाय दहा पिढ्या मागे गेले असता प्रत्येक माणसाला एक हजार चोवीस पूर्वजांची जागा भरावी लागते; त्यांतील एकट्या वायझरला निवडून त्याचे नाव लावावयाचे, हा रक्ताचा निवाडा नव्हे, आवडीचा आहे.

परंतु येथेच हा वंशज पेचात सापडतो. रक्तामुळे त्याच्यावर काही येत नाही, हे कबूल. पण मग रक्तामुळे त्याला काही मिळतही नाही. तो मात्र मिळाल्याचे सांगतो. पेटरच्या पुतळ्याखाली उभा राहून तो हा आमचा म्हणतो. आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी ऋणाचा विचार करताना ह्या बाबतीत फार व्यवहारी नियम केला होता. मिताक्षरेच्या मते बापाचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, पौत्राने नुसते मुद्दल फेडावे, आणि प्रपौत्राने मिळकत हाती आली असेल तरच. जुगारापायी किंवा दारूपायी केलेले कर्ज पुत्रावरही नाही. पुत्राचे हे धर्मबंधन २००५ सालच्या कायद्याने पुढील कर्जांपुरते उठवले, आणि न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे आम्ही समजतो. तथापि त्यामागची दृष्टी टाकाऊ नाही. काळ जातो तसे रक्ताचे बंधन सैल होते. मिळकतीचे होत नाही. चौथ्या पिढीस विचारावयाचे ते एवढेच, तुझ्या हाती काय आले?

मिळकत म्हणजे शेतवाडीच असली पाहिजे असे नाही. कुळाचा अभिमान हीही मिळकत आहे. ती भोगता येते, मुलांना देता येते, तिच्यावर समाजात पत मिळते. ज्याने ती सोडली, म्हणजे वायझर कोण होता ह्याचे मला सुखदुःख नाही असे जो मनापासून म्हणतो, त्याच्याकडे कोणी मागावयास जाऊ नये. पण ज्याने ती घेतली त्याने वही सबंध वाचली पाहिजे, आणि मुलांना सांगताना तुल्पेहॉकनचे पान चिकटवून ठेवता कामा नये. ह्यापेक्षा अधिक देणे त्याच्यावर आहे काय? जमिनीचे मोल, परत करणे, भरपाई हे प्रश्न एका कुटुंबाचे नसून राज्याचे आहेत, कारण खरेदीखतावर शिक्का राज्याचा होता. कुटुंबाच्या अंगावर येते ते खरे सांगण्याचे. ते थोडे आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ते आपल्या घरात एकदा करून पाहावे.

आता पेन्स क्रीककडे पुन्हा वळू. तेथून पळवलेल्यांपैकी मारी ल रॉय आणि बार्बारा लाइनिंगर ह्या दोन मुली १७५९ साली निसटून फिलाडेल्फियास पोचल्या. त्याच वर्षी त्यांची हकीकत जर्मन भाषेत छापली गेली. कैदेत आपल्याला भेटलेल्या इतर माणसांची नावे त्यांनी तीत दिली आहेत, त्यांच्या नातलगांना ती जिवंत असल्याचे कळावे म्हणून. आम्हांस ज्या याद्या माहीत आहेत त्यांत इतक्या निर्मळ हेतूने केलेली दुसरी नाही. पुढे १७६४ साली कर्नल बुके ह्याने लेनापे व इतर राष्ट्रांना कैदी परत करण्यास भाग पाडले. त्यांतील कित्येक लहानपणीच नेलेले होते. त्यांना आपली भाषा, आपले नाव, काहीच आठवत नव्हते.

म्यूलेनबर्गने हाल्लेकडे धाडलेल्या वृत्तांतात अशा एका मुलीची गोष्ट आहे. रेगिना तिचे नाव. ती १७५५ च्या ऑक्टोबरातच पळवली गेली होती. परत आणलेल्या मुलांच्या रांगेत तिची विधवा आई शोधीत फिरली, पण आईला मुलगी ओळखता येईना आणि मुलीला आई. नऊ वर्षांत चेहरा बदलला होता, बोली गेली होती. दाखवावयास कागद कोणाकडेच नव्हता. शेवटी कोणी सुचवले म्हणून आईने घरी म्हणत असे ते एक प्रार्थनागीत म्हणावयास आरंभ केला. तेव्हा रांगेतील एका तरुणीने तेच गीत तिच्याबरोबर म्हटले.

त्या मायलेकी १७६५ साली म्यूलेनबर्गच्या दारी आल्या. ज्याने तो मुलूख विकत घेतला त्याचा हा जावई; त्याची बायको, त्या खरेदी करणाराची मुलगी, घरात असे. ह्या नात्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोलले असेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या पुस्तकातून देव माणसांशी बोलतो ते आपल्याला हवे, असे मुलीने मागितले. आईजवळ ते घेण्यास पैसे नव्हते. म्यूलेनबर्गने घरातले एक बायबल तिच्या हाती दिले. जर्मन घरांत बायबलाच्या आरंभीच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह व मृत्यू लिहून ठेवण्याची चाल होती. मुलीने ते मध्येच कोठेतरी उघडले आणि, त्याने आश्चर्याने लिहिले आहे, ती वाचू लागली.